गरम होऊन बंद पडलेलं इंजिन: खरंच सीझ, की हेड गॅस्केट, की नुसता स्टार्टर?

मे महिन्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर मामांच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. माथ्यापर्यंत पोचू म्हणून त्यांनी गाडी ओढली आणि ती बंद पडली. थंड झाल्यावर सेल मारला तर एकच 'टक्', पुढे काही नाही. जवळच्या गॅरेजात बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल मिळाला: "सीझ आहे, फुल इंजिन करावं लागेल." गाडी टो करून घरी आणली, प्लग काढले, हाताने इंजिन फिरवलं, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून कूलंटची चिळकांडी उडाली. इंजिन सीझ, म्हणजे आतले धातूचे भाग एकमेकांना धरून कायमचं जॅम, नव्हतंच. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील, फाटून सिलिंडरमध्ये पाणी भरलं होतं, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन तिथेच अडला होता.

म्हणून खर्चाचा निर्णय घेण्याआधी या तीन शक्यता शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिला फरक आवाजात कळतो. हेडलाइट लावून सेल मारा, पण एकदाच. 'टकटकटक' असा भरभर आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच 'टक्' आणि दिवे जसेच्या तसे, तर संशय स्टार्टरवर, म्हणजे सेल मारल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरवर. एकच जड 'टक्' आणि दिवे एकदम मलूल झाले, तर स्टार्टर जोर लावतोय पण काहीतरी फिरत नाहीये. ते सीझ असू शकतं, पाणी भरलेलं असू शकतं किंवा स्टार्टरच अडकलेला असू शकतो. चौथा प्रकार उलटा: इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भर्रकन फिरतं पण चालू होत नाही. ते सीझ नाही हे नक्की, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा दाब) गेलं असेल किंवा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटला असेल. तेव्हा पुन्हा पुन्हा सेल मारू नका.

जड 'टक्' आला असेल तर गाडी गिअरमध्ये टाकून ढकलण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर त्या धक्क्याने पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हेडचं काम फुल इंजिनवर जातं.

खरी कसोटी हाताने. इंजिन पूर्ण थंड, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. सगळे स्पार्क प्लग काढायचे. डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, कारण डिझेलचं कॉम्प्रेशन इतकं असतं की चांगलं इंजिनही हाताला जॅम वाटतं. मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरच्या पुलीच्या बोल्टवर सॉकेट आणि लांब दांडा लावून इंजिनच्या चालीच्या दिशेनेच पूर्ण दोन फेरे. फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचं एक चक्र पुरं होतं, म्हणून अर्ध्या फेऱ्यावर समाधान मानू नये.

सारख्या जोराने फिरलं तर सीझ नाही. पाणी उडालं तर गॅस्केट फाटलंय किंवा हेडला तडा आहे. थोडं फिरून दर वेळी त्याच जागी कडक अडलं तर आतलं काहीतरी एकमेकांवर आपटतंय. जोर लावू नका. अजिबात हललं नाही तर अल्टरनेटर-एसीचा बेल्ट उतरवा, स्टार्टर काढा आणि पुन्हा बघा. त्यानंतरही तसंच राहिलं, तर मात्र सीझ म्हणायला हरकत नाही.

सीझमध्येही दोन तऱ्हा आहेत. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची भिंत बऱ्याच गाड्यांत बिडाची. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, आणि मधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. ऑइलचा थर जळाला की पिस्टन भिंतीला धरतो. थंड झाल्यावर कधी कधी तो सुटतो आणि गाडी चालूही होते, पण ओरखडे राहतात. पुढे ऑइल खाणं, निळा धूर. दुसरी तऱ्हा क्रँकच्या बेअरिंगची. ती धरली की सहसा सुटत नाहीत. ऑइल काढून उन्हात धरलं तर धातूची चमक दिसते. ऑइल दुधाळ असेल तर ते गॅस्केटचं लक्षण, पण पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत फक्त झाकणाखाली असा साय आलेला थर दिसला तर घाबरू नका, ती दमट हवा आहे.

आता निर्णय. इंजिन फिरत असेल तर आधी फक्त हेड उतरवायला सांगा आणि त्या वेळी स्वतः हजर राहा. सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवा. ओरखडा नखाला अडकत नसेल तर मशीन शॉपमध्ये हेडची सपाटी आणि तडे तपासून, फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) भागतं. अडकत असेल तर नुसतं गॅस्केट बदलणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. 'हाफ इंजिन' आणि 'फुल इंजिन' हे शब्द प्रत्येक गॅरेजात वेगळे, त्यामुळे कोणते पार्ट धरलेत ते लिहून घ्या.

क्रँक धरला असेल आणि गाडी जुनी असेल, तर मी दुरुस्तीपेक्षा चांगलं वापरलेलं इंजिन बघेन. पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या: पेट्रोलला साधारण 150 ते 200 पीएसआय, आणि सिलिंडरांमध्ये फार तफावत नको. इंजिन नंबर असलेलं बिल हवंच, कारण आरटीओत आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. साध्या विम्यात यांत्रिक बिघाड बसत नाही, तो खर्च आपलाच धरा. गाडी तशीच विकायची असेल तरी हाताने फिरवून बघितल्याशिवाय सौदा करू नका. 'सीझ' या एका शब्दावर भाव कोसळतो.

आणि कोणतंही इंजिन बसवा, आधीचं कशामुळे तापलं हे आधी शोधा. मामांच्या गाडीत रेडिएटरच्या पंख्याचा रिले (पंखा चालू करणारा विजेचा स्विच) गेला होता. सपाट हायवेवर वाऱ्याने निभावलं, घाटात गाडी सावकाश चढू लागली आणि पंखा फिरलाच नाही.