जीएनएमवर एमबीए देतो म्हणाले, आणि मी ओटीपी दिला

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या मेट्रनबाई निवृत्त झाल्या आणि सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या ६० खाटांच्या हॉस्पिटलात ड्युटी लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चौदा वर्षं वॉर्ड आणि आयसीयू केलेली बाई मी, पेशंट सांभाळायला कधी घाबरले नाही. पण १७ सिस्टरांच्या ड्युट्या लावताना रडू यायचं. एकीचं मूल लहान, तिला नाइट नको. दुसरी म्हणते, मग तिच्या नाइट मीच का करू? डॉक्टर सकाळी दहाला डिस्चार्ज लिहिणार, मेडिक्लेमची मंजुरी संध्याकाळी पाचला येणार, तोवर कॅज्युअल्टीतला पेशंट स्ट्रेचरवर आणि नातेवाइकांचा आवाज माझ्यावर. हे सगळं कुठेतरी रीतसर शिकवत असतील, असं मला मनापासून वाटायचं.

अशात मोबाइलवर जाहिरात दिसली. हॉस्पिटल मॅनेजमेंट आणि लीडरशिपमध्ये एमबीए, एका वर्षात, फक्त शनिवार-रविवार. नंबर भरला आणि गॅसवरचा चहा उतू जायच्या आत फोन आला.

ऑफिस जंगली महाराज रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एसी गारेगार. भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेटं: आयएसओ ९००१, उद्यम नोंदणी, एनजीओ दर्पण. खाली सोनेरी अक्षरांत ‘सरकारमान्य’. मी भारावले. आता कळतं की उद्यम ही छोट्या धंद्यांची नोंदणी कुणीही घरबसल्या फुकटात, स्वतःच माहिती भरून करतो. दर्पण ही स्वयंसेवी संस्थांची नुसती नोंद. आयएसओ ९००१ संस्थेच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं. यातल्या एकाही कागदाने पदवी द्यायचा अधिकार मिळत नाही. तो अधिकार कुणाला, हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलंय: संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं, आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. त्या भिंतीवर यातलं काहीच नव्हतं.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी. मी जीएनएम आहे, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. एमबीएला पदवी लागते हे मला माहीत होतं, आणि मी तसं विचारलंही. समोरचा मुलगा, वय असेल पंचवीस, गोड हसून म्हणाला, “मॅडम, तुमचा चौदा वर्षांचा अनुभवच पदवीच्या जागी धरतो आम्ही.” किती बरं वाटलं ऐकून! इतकी वर्षं कुणीतरी मोजली म्हणून. जी संस्था पात्रतेवरून अडवत नाही तिच्यापासून चार हात लांब राहावं, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

मग आली फी. ५,००० नोंदणीचे आणि दरमहा ६,५०० असे १२ हप्ते, नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी. “आजच केलंत तर सवलत, उद्या रेट वाढतो.” त्याने माझाच मोबाइल मागितला. आधार, पॅन, एक सेल्फी, मग ओटीपी. एक ओटीपी झाला की दुसरा. मी आकडे वाचत गेले, तो टाकत गेला. मध्येच ऑफिसातल्या बाईंनी कॉफी आणून ठेवली. मला वाटत होतं मी हप्त्याने फी भरतेय. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचं ७८,००० रुपयांचं कर्ज माझ्या नावावर निघालं होतं. पहिल्या ओटीपीने करारावर माझी सही झाली, दुसऱ्याने बँकेतून हप्ता आपोआप कापायची परवानगी गेली. संस्थेला पैसे एकरकमी मिळाले आणि फेडायला उरले मी. करार ई-मेलवर आला होता, इंग्रजीत, २० पानी. उघडला असता तर मुदतीत रद्दही करता आला असता, कारण अशा डिजिटल कर्जात सुरुवातीला माघार घ्यायला थोडी मुदत द्यावीच लागते, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी नाइटला होते.

वर्गांबद्दल काय सांगू! कागदाचे मनोरे बांधायचा खेळ, पक्ष्यांच्या थव्याचा व्हिडिओ, ‘नेता घडतो कसा’. शिकवणारे सर आधी विमा विकणाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचे. मी विचारलं, आयसीयूत दोन सिस्टर एकदम रजेवर गेल्या तर वॉर्डातून कुणाला उचलायचं? म्हणाले, “तेच तर लीडरशिप आहे, मॅडम.” आठव्या महिन्यात पुस्तक उघडून परीक्षा, सगळे पास, आणि होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट. त्यावर विद्यापीठाचं नाव नव्हतंच. कुठल्याशा ‘कौन्सिल’चं होतं.

एप्रिलमध्ये एका मोठ्या हॉस्पिटलात असिस्टंट मेट्रनच्या जागेसाठी अर्ज केला. एचआरच्या बाईंनी फाइल चाळली आणि हळूच विचारलं, “सिस्टर, जीएनएमनंतर थेट एमबीए? मधली पदवी कुठेय?” पुढे त्यांनीच समजावलं: रीतसर वाट म्हणजे आधी नर्सिंगचं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी, मग पुढचं. दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए असलं तरी दोन वर्षांचंच, आणि ते विद्यापीठ यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे पैसे भरायच्या आधी बघायचं. पाच मिनिटांचं काम. परत येताना मेट्रोत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

फायनान्स कंपनी म्हणाली, कोर्सचं आम्हाला माहीत नाही, सही तुमची आहे. हप्ता थांबवावा तर आमच्या ह्यांचं घराचं कर्ज दोघांच्या नावावर, सिबिल बिघडायला नको, म्हणून सगळे हप्ते भरले. कंपनीकडे लेखी तक्रार केली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर पैसे जाताक्षणी फिरवला तर उपयोग. मी नऊ महिन्यांनी फिरवला.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. वकील म्हणाले, शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येतात का यावर वाद चालतात; पण मान्यता नसताना आहे असं भासवून प्रवेश देणं ही सेवेतली त्रुटी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहारच्या एका डेंटल कॉलेजबद्दल म्हटलंय. माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता म्हणून बरं. वकिलांच्याच तोंडून हेही कळलं की यूजीसी कायद्यात कलम २२ मोडल्याबद्दल दंड आहे एक हजार रुपयांपर्यंत. मी दोनदा विचारलं. हजारच.

ड्युटी लावायला मी आता मेट्रनबाईंकडे कर्वेनगरला जाते. त्यांनी पहिल्याच दिवशी वही काढली: प्रत्येकीच्या वर्षभराच्या नाइट आणि सणाच्या ड्युट्यांची बेरीज, आणि ती वही नर्सिंग स्टेशनवर उघडी ठेवायची, कुणीही बघावी. उद्याचे डिस्चार्ज आज संध्याकाळीच विचारून मेडिक्लेमचे कागद रात्री तयार करायचे. गणपतीतल्या ड्युट्या तशाच लावल्या. दोघी थोड्या कुरकुरल्या, वही बघितली आणि गेल्या.

ग्राहक आयोगातली तक्रार जूनमध्ये दाखल झालीय. अजून तारखाच पडताहेत.