‘आय-सेव्हन आहे ताई’ एवढ्यावर पैसे देऊ नका

नव्या संगणकावर विंडोज जात नसेल, तर आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून रात्र रात्र बसू नका. मी बसले. त्या रात्री मशीन मला खरं काय ते सांगत होतं आणि मी ते ऐकायच्या ऐवजी पेन ड्राइव्ह बदलत होते.

मी कराडला घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. माझा जुना संगणक २०१३ सालचा, इंटेल कंपनीच्या आय-थ्री प्रोसेसरचा (प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू). मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची साथ थांबवली आणि विंडोज ११ काही त्या मशीनवर जाणार नव्हतं. दिवसभर दहा जणांचे पेन ड्राइव्ह माझ्या मशीनला लागतात. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवर लोकांच्या फाइली उघडणं मला पटेना, म्हणून नवा घ्यायचं ठरवलं. कारण एकच होतं, विंडोज ११. आणि हे मी दुकानदाराला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

दुकान पुण्यातलं. ओळखीतून फोन नंबर मिळाला होता. व्हॉट्सॲपवर त्याने लिहून पाठवलं: आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी (डेटा साठवायची डिस्क), सगळं नवीन, बोर्डाला (ज्यावर सगळे भाग बसतात त्या मदरबोर्डाला) तीन वर्षं वॉरंटी, २८,५०० रुपये. दुकानात गेल्यावर पुन्हा विचारलं, तर म्हणाला, “आय-सेव्हन आहे ताई, दहा वर्षं बघायला नको.” पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, १८ टक्के जीएसटी वर लागेल. पाच हजार वाचतायत म्हणून मी ‘एस्टिमेट’ छापलेला कागद घेतला. त्यावर एका ओळीत ‘आय-७ सेट, १६ जीबी, १ टीबी’ आणि रक्कम. एकाही भागाचा सीरियल नंबर नाही. यूपीआयने पैसे दिले तेव्हा समोर दुकानाचं नाव न येता कुठल्या तरी व्यक्तीचं नाव आलं, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

विंडोज टाकून देतो, फुकट, असंही तो म्हणाला होता. मी नको म्हटलं, कारण परवान्याचं विंडोज मी वेगळं घेतलेलं होतं. त्याने दोनदा आग्रह केला. आज कळतं, तो आग्रह कशासाठी होता ते. त्याने टाकून दिलं असतं तर पुढचं काही मला इतक्या लवकर कळलंच नसतं.

स्वारगेटहून एसटीने कॅबिनेट मांडीवर घेऊन आलो, मी आणि आमचे हे. रात्री जेवणं उरकून बसले. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह तयार केलेला होता. भाषा निवडली, पुढे गेले आणि पडदा आला: हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आता यात एक खरी अडचण असते, ती सांगते, म्हणजे तुम्ही विनाकारण दुकानदाराच्या अंगावर जाणार नाही. अगदी नव्या, चांगल्या बोर्डावरही कधीकधी टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने असतं, एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाने. ते चालू केलं की काम होतं. मीही हेच वाचलं आणि बायोसचं पान न् पान शोधलं. पीटीटी कुठेच नाही. सिक्युअर बूटही नाही. मला वाटलं, मलाच सापडत नाहीये. पेन ड्राइव्ह पुन्हा तयार केला, दुसरा घेऊन केला. रात्रीचे दोन वाजले.

सकाळी फोन केला. तो म्हणाला, “ताई, ते मायक्रोसॉफ्टचं नाटक आहे. मी लिंक पाठवतो, त्यातलं विंडोज टाका, चेकिंग काढलेलं आहे.” आणि मी ते टाकलं. पंचवीस मिनिटांत विंडोज ११ सुरू झालं. मला इतकं हायसं वाटलं की फोन करून त्याचे आभार मानले. अटींची तपासणी काढून टाकलेलं विंडोज चालतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि कोणाच्या तरी लिंकवरून आलेल्या विंडोजमध्ये आणखी काय काय बदललेलं आहे, हे तुम्हाआम्हाला कळायला मार्ग नाही. सुरक्षेसाठी नवा संगणक घेतला आणि त्यात अनोळखी माणसाचं विंडोज टाकलं, हे मी केलं.

जुन्या मशीनवरून फॉन्ट, फोटो आणि नेहमीच्या ग्राहकांची कामं, मिळून १४० जीबीच्या आसपास, नव्यावर कॉपी केली. कॉपी केली, कट नाही, एवढंच नशीब. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम हातात होतं. दोन दिवसांत ३२ पानं लावली. माजी मुख्याध्यापकांचे लेख, १९७० च्या दशकातले वर्गांचे फोटो, खाली प्रत्येक मुलाचं नाव रांगेने. तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर निळा पडदा. विंडोज सुरू होऊ शकत नाही, आवश्यक फाइल खराब झाली आहे.

पुन्हा विंडोज टाकलं. गेलं, छान चाललं. पुन्हा सगळा डेटा आणला. पुन्हा तेच. या वेळी मशीन बंद व्हायच्या आधी मी फोटोंचा एक फोल्डर उघडला होता. फाइलींची नावं सगळी जागच्या जागी, आकडेही बरोबर. पण फोटो उघडला की वरच्या बाजूला फळा आणि मुलांची डोकी, आणि मानेपासून खाली सपाट करडा रंग. दुसरा उघडला, तो उघडेचना. ३२ पानांपैकी एकही पान परत मिळालं नाही.

दुकानदार म्हणाला, व्हायरस असेल, तुमच्या जुन्या डेटातून आला असेल. मला ते खरं वाटलं. जुन्या मशीनवर दोन वेगवेगळे अँटिव्हायरस चालवले. काही निघालं नाही. रॅम खराब असेल म्हणून मेमटेस्ट-८६ रात्रभर लावून ठेवलं, तेही स्वच्छ.

माझा भाचा डिप्लोमाला आहे, तो रविवारी आला. त्याने फक्त एक प्रश्न विचारला. “मावशी, रिकामं असताना चालतं ना हे?” हो म्हटलं. “आणि भरलं की मोडतं?” हो. तो म्हणाला, मग व्हायरस नाही. कॅबिनेट उघडूया.

बाजूचा पत्रा काढला. त्याने रॅमची पट्टी काढून हातात घेतली, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, तुझा जुना संगणकही उघड. जुन्यातली २०१३ ची पट्टी काढून त्याने दोन्ही शेजारी धरल्या. खालच्या सोनेरी कडेला एक खाच असते. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या, प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये. माझ्या दोन्ही पट्ट्यांची खाच एकाच जागी होती. त्याने जुनी पट्टी नव्या बोर्डात ठेवून दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक टक करून लागल्या. मशीन सुरू झालं.

बारा वर्षांपूर्वीची रॅम माझ्या ‘नव्या’ संगणकात बसली. त्या आवाजाने जे कळलं ते मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग बायोसच्या पहिल्या पानावरचा प्रोसेसरचा पूर्ण नंबर आम्ही वाचला, जो मी आधी दहा वेळा पाहिलेला होता: आय-सेव्हन ३७७०. इंटेलने हा प्रोसेसर २०१२ मध्ये आणला. पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. माझ्या जुन्या आय-थ्रीचीच पिढी. ज्या कारणाने जुना संगणक बदलला, नेमकं तेच कारण मी २८,५०० देऊन पुन्हा घरी आणलं होतं. बोर्ड नवा होता, प्लास्टिकचा वासही येत होता, पण त्यावरचा एच-६१ चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, २०११ सालचा. असे बोर्ड अजून तयार होऊन येतात, आणि जुन्या संगणकांतून काढलेले प्रोसेसर पुसून त्यावर बसवतात. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही एकाच पिढीतली चढती भाजणी आहे. पिढी बदलली की हिशोब बदलतो. २०२२ चा बाराव्या पिढीचा आय-थ्री १२१०० या जुन्या आय-सेव्हनपेक्षा वेगवान आहे आणि विंडोज ११ घेतो. बाजारात ‘आय-सेव्हन’ या एका शब्दावरच ही फसवणूक चालते.

राहिली डिस्क. ती काढून जुन्या मशीनला लावली आणि एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा, मोफत प्रोग्राम चालवला. तो रिकामी डिस्क एकेक जीबीच्या फाइलींनी काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून पडताळतो. विंडोज ती डिस्क ९३१ जीबी दाखवत होतं. तो फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे, खऱ्या १ टीबीलाही ९३१ च दिसतात, त्यावरून कोणाशी भांडू नका. लिहायला रात्र गेली, वाचायला दुसरा दिवस. निकाल आला: सुमारे ११९ जीबी ठीक, बाकीचा डेटा हरवला. डिस्क १२८ जीबीची होती. तिच्या आतल्या फर्मवेअरला, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामला, ‘मी १ टीबी आहे’ असं सांगायला शिकवलेलं होतं. ११९ च्या पुढे जे लिहाल ते ती तक्रार न करता घेते आणि आधी लिहिलेल्यावर टाकत जाते. माझी स्मरणिका आणि विंडोजच्या फाइली त्यातच गेल्या. म्हणून रिकामं असताना सगळं छान चालायचं.

पुण्याला गेले. त्याचं उत्तर तयार होतं. “आय-सेव्हन सांगितला होता, आय-सेव्हनच दिलाय. पिढी तुम्ही विचारली नाही.” डिस्कबद्दल म्हणाला, ही आमची नाहीच, सीरियल कुठाय बिलावर? आणि शेवटी, तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहकच नाही.

हे शेवटचं ऐकून मी खचले होते, पण ते खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असं धरत नाहीत. माझ्यासारखी घरी बसून एकटी काम करणारी बाई ग्राहकच आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: वस्तू पुण्यात घेतली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मला साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली. नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला, डिस्कचे सहा हजार देतो, विषय संपवा. मी नाही म्हटलं.

माझ्या हातात एस्टिमेटपेक्षा जास्त जोराची वस्तू निघाली ती त्याचाच व्हॉट्सॲप मेसेज. ‘सगळं नवीन, १ टीबी’ असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर एकही खोडू नका. यूपीआयची नोंद, बायोसच्या पडद्याचा फोटो, डिस्कच्या चाचणीचा निकाल, सगळं तारखेसकट ठेवा.

आणि जे अजून घ्यायला निघालेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून मागा, ‘आय-सेव्हन’ नको, त्यापुढचे आकडे हवेत. रॅम डीडीआर किती ते विचारा. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असलेलं पक्कं बिल घ्या, १८ टक्के द्यावे लागले तरी द्या. दुकानदार फुकट विंडोज टाकून देत असेल तर नको म्हणा. त्याच्या काउंटरवर, तुमच्या समोर, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुम्ही तयार करून नेलेल्या पेन ड्राइव्हने विंडोज ११ टाकायला सांगा. अर्धा तास जाईल. तिथे ‘चालवू शकत नाही’ आलं आणि तो बायोसमध्ये जाऊन पीटीटी किंवा एफटीपीएम चालू करून दाखवू शकला नाही, तर पाकीट उघडू नका. डिस्कची पूर्ण चाचणी दुकानात होणार नाही, ती घरी पहिल्याच रात्री करा, डेटा टाकायच्या आधी.

स्मरणिका मी जुन्याच मशीनवर पुन्हा पहिल्या पानापासून लावली. कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते. फोटोंखालची नावं टाकताना शाळेतल्या निवृत्त बाई रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसायच्या आणि रांगेने एकेक नाव सांगायच्या. छपाई वेळेत झाली. ‘नवा’ संगणक खोक्यात घालून माळ्यावर ठेवलाय, डिस्क वेगळ्या पिशवीत, वर तारीख लिहून. आयोगात अजून सुनावणी व्हायची आहे.