जुन्या एस्टीमचे इंजेक्टर ‘मॅच’ करून घेतल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

गाडी मारुती एस्टीम एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा स्वतंत्र इंजेक्टर), बरीच वर्षं उभी. टाकी धुऊन, पंप आणि फिल्टर बदलून झाल्यावर चारही मूळ इंजेक्टर अल्ट्रासॉनिकमध्ये साफ करून घेतले, सोबत फ्लो टेस्टचा, म्हणजे चौघांतून सारखं पेट्रोल पडतं का याचा रिपोर्ट. नव्या संचापेक्षा खर्च बराच कमी. एका सेल्फमध्ये स्टार्ट, हायवेला पिकअप स्वच्छ, काळा धूर नाही. तेव्हा विचारलं असतं तर डोळे झाकून शिफारस केली असती.

उन्हाळा लागल्यापासून ते मत अर्धंच उरलंय. एसी लावून सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग थरथरतं. प्लग काढले तर तीन तपकिरी, एक पांढरट, म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोल कमी. दोन आणि तीन नंबरच्या इंजेक्टरांची अदलाबदल केली की पांढरा प्लगही जागा बदलतो. म्हणजे कॉइल आणि कॉम्प्रेशन सुटले, दोष इंजेक्टरचाच. वर्कशॉपचं पालुपद एकच: ‘रिपोर्ट बघा, फरक दोन टक्क्यांच्या आत आहे.’

रिपोर्ट खोटा नाही, पण तो इंजेक्टर पंधरा सेकंद सलग उघडा ठेवून काढलेला. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) दर वेळी इंजेक्टर जेमतेम अडीच मिलिसेकंद चालू असतो. करंट मिळाल्यापासून सुई उचलेपर्यंतचा वेळ, म्हणजे डेड टाइम, त्यातून वजा होतो. एकाचा १.० आणि दुसऱ्याचा १.२ मिलिसेकंद धरा. पेट्रोल पडतं ते १.५ आणि १.३ मिलिसेकंद, म्हणजे थेट १३ टक्के फरक. हायवेला १२ मिलिसेकंदांच्या पल्सवर (इंजेक्टरला एका वेळी करंट मिळण्याचा काळ) तोच फरक दोन टक्क्यांच्याही खाली येतो. ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरांची सरासरी बघतो, त्यामुळे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एकट्या उपाशी सिलिंडरला वेगळं पेट्रोल वाढू शकत नाही. एसी आणि पंख्याने व्होल्टेज पडलं की डेड टाइम आणखी लांबतो. थरथर नेमकी तेव्हाच का, ते यावरून कळतं.

म्हणून टेस्ट सांगून करून घ्या: ३ बार दाब, सुमारे १४ व्होल्ट, २.५ मिलिसेकंदांचा पल्स, आणि पल्स ५००० हवेत. मिनिटाला १७० सीसीच्या इंजेक्टरातून १००० पल्समध्ये जेमतेम सव्वाचार मिली पडतं. काचेच्या नळीवर ४.२ आणि ३.७ मधला फरक कोणाला दिसणार? ५००० पल्सला तोच २१ आणि साडेअठरा दिसतो. मिनिटाला १००० पल्सच्या वेगाने पाच मिनिटं लागतात. एवढ्यासाठी टाळाटाळ करणारं वर्कशॉप सोडा.

एखादा नापास झाला तर अख्खा संच बदलू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणाहून त्याच पार्ट नंबरचे दोन-तीन जुने उचला आणि सहा-सातांतून छोट्या पल्सवर जुळणारे चार निवडा. विकत घेताना मल्टिमीटर लावा. हाय इम्पिडन्सवाला (जास्त विद्युत रोधाचा) साधारण १२ ते १६ ओहम दाखवतो. २-३ ओहमचा जुन्या ईसीयूला लावलात तर त्यातलं इंजेक्टर चालवणारं ड्रायव्हर सर्किट जळेल. ऑनलाइन मिळणारा चारांचा स्वस्त संच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत: फवाऱ्याचा कोन आणि भोकं निराळी असली तर फ्लो जुळूनही पेट्रोल व्हॉल्व्हऐवजी मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळीच्या) भिंतीवर बसतं.

साफसफाईत आतली जाळी आणि ओ-रिंग नव्याच घाला, ओ-रिंग व्हायटनच्या. इथेनॉलवाल्या पेट्रोलला तेच रबर जास्त टिकतं. बसवताना इंजिन ऑइलचं बोट फिरवा, कोरडी रिंग चिरते. मग चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) दाब येऊ द्या आणि प्रत्येक सांध्याला हात लावून बघा. ओल लागली तर सेल्फ मारू नका.

एक इंजेक्टर असा बदलल्यावर सिग्नलची थरथर गेली. ॲव्हरेज मात्र होतं तेवढंच आहे, ‘लिटरला दोन किलोमीटर वाढतील’ हे वर्कशॉपचं आश्वासन धरून पैसे मोजू नका.