620 फूट आणि एक व्हिडिओ

सांगोला तालुक्यात आमची अडीच एकर डाळिंबाची बाग आहे. विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायला लागली, म्हणून बोअर घ्यायचं ठरलं. त्यात 80,700 रुपये गेले. पाण्यात गेले असते तर बरं झालं असतं.

तात्यांचा आग्रह नारळवाल्या पाणाड्याचा. मी मात्र शिकलेला. म्युनिकजवळ 1987-88 मध्ये एका गोदामात झालेल्या चाचणीबद्दल मी वाचलं होतं. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप हलवत ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून काडी धरून पाणी शोधणाऱ्यांनी तो कुठं आहे ते सांगायचं. सुमारे पाचशे जणांतून निवडलेले 43 जण होते आणि 843 वेळा प्रयोग झाला. बहुतेकांचा अंदाज नाणं उडवण्याइतकाच. प्रयोग करणाऱ्यांना मोजक्या काही जणांकडे कसब दिसलं, पण नंतर ते आकडे पुन्हा तपासणाऱ्यांना तेही पटलं नाही. हे सगळं मी तात्यांना ऐकवलं. नारळाला मी हसलो, आणि फसलो मशीनवाल्याकडून.

आधी मी योग्य जागीच गेलो होतो, हे सांगायला हवं. सोलापूरला भूजल सर्वेक्षण यंत्रणेतल्या एका भूवैज्ञानिक मॅडमना भेटलो. त्यांनी आजूबाजूच्या विहिरींची खोली विचारली, कुठली कधी आटते ते विचारलं, ओढा किती लांब आहे तेही विचारलं. मग म्हणाल्या, "आपल्याकडे बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेत. पाणी सापडतं ते वरच्या कुजलेल्या खडकात, मांजऱ्यात म्हणजे सच्छिद्र खडकात, भेगांमध्ये. खालचा काळा पाषाण बहुधा कोरडाच. किती इंच पाणी लागेल ते मी सांगू शकणार नाही. बोअरपेक्षा विहिरीचा गाळ काढा, आडवे बोअर मारून बघा, ओढ्याचं पाणी गाळून विहिरीत सोडा."

बाहेर पडताना मी तात्यांना म्हणालो, "यांना काही नक्की सांगता येत नाही."

पंढरपुरात माझं रिटर्न भरून देण्याचं काम आहे. "रिफंड येणारच ना?" असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा "कागद बघावे लागतील" एवढंच मी म्हणतो. मग ते उठून "शंभर टक्के आणून देतो" म्हणणाऱ्याकडे जातं आणि दोन वर्षांनी नोटीस घेऊन परत येतं. अशांवर मी वर्षानुवर्षं चिडत आलोय. त्या दिवशी मॅडमसमोर बसलेलं गिऱ्हाईक मी होतो, हे मला फार उशिरा कळलं.

मशीनवाला पांढऱ्या गाडीतून आला. स्क्रीनची पेटी, दोन तांब्याच्या कांड्या, गळ्यात ओळखपत्र. वीस मिनिटं बांधावर फिरला आणि चुन्यानं फुली मारली. "मालक, 180 ला पहिलं, 340 ला दुसरं, 520 ला मोठं. अडीच इंच धरून चाला. पाणी लागलं तरच पाच हजार द्या. आज फक्त येण्याजाण्याचे दोन."

'पाणी लागलं तरच' या शब्दांनी माझी विकेट पडली. स्वतःचे पैसे पणाला लावतोय म्हणजे माणूस खरा, असं वाटलं. पण गॅरंटी होती फक्त त्याच्या फीची. फुटाफुटाचं भाडं माझ्याच खिशातून जाणार होतं.

बोअरची गाडी रात्री नऊला लागली. 180 च्या आसपास भुकटी ओली झाली आणि थोडा चिखल उडाला. मशीनवाल्यानं लगेच मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. तात्यांनी नारळ फोडला. पुढं पुन्हा कोरडा धुरळा. 340 ला काही नाही. मी थांबा म्हणालो, तर तो म्हणाला, "आता थांबलात तर झालेला खर्च वाया. मोठं तर खालीच आहे." 520 ला काही नाही. "मशीनमध्ये शंभर फूट इकडंतिकडं होतं." पहाटे चारला 620 वर मीच हात जोडले. पहिले 300 फूट 90 रुपयांनी, पुढं दर शंभराला दर वाढत गेला. ते झाले 64,700. चाळीस फूट केसिंग पाइपचे 14,000. मशीनवाल्याचे दोन हजार वेगळे. वर तो म्हणालाच, "180 ला लागलं होतं की."

महिन्याभरानं गाडीच्या एजंटनं चहा पिताना सहज सांगून टाकलं, की पॉइंट देणाऱ्याला, म्हणजे बोअरची जागा दाखवणाऱ्याला, फुटामागं दहा रुपये सुटतात. म्हणजे माझ्या बोअरवर 6,200. फीपेक्षा जास्त, आणि तेही कोरडं गेल्यावर. भोक जितकं खोल जाईल तितका त्याचा फायदा. मॅडमना माझ्या बोअरमधून एक रुपया मिळणार नव्हता, मी बोअर घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं हे ठरवायला मला भूगर्भशास्त्र यायची गरजच नव्हती. तुला पैसे कशाचे मिळतात, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

आणखी एक खूण डोळ्यांसमोर होती. जमिनीचा विद्युतरोध मोजण्याची खरी पद्धत आहे, तीत चार सळया रोवून तारा लांबवत नेतात. जितकं खोल बघायचं, त्याच्या कितीतरी पट लांब तार पसरावी लागते. 520 फुटांवरचं सांगायला आमचा अख्खा बांधही पुरला नसता. हा गडी दहा फुटांत उभा राहून तीन थर सांगत होता. आणि खऱ्या यंत्रालाही कळतो तो रोध. पाण्याचे इंच त्यातून निघत नाहीत.

तक्रार का केली नाही, असं विचाराल. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय आणि शेतीसाठी अशी नवी विहीर घ्यायला मनाई आहे. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्याही आत. मी 620 ला गेलो होतो. कुठल्या तोंडानं जाणार? त्या माणसाला हे ठाऊक असणार, असा माझा संशय आहे.

मेमध्ये विहिरीचा गाळ काढला आणि दोन आडवे बोअर मारले. एकाला पाझर लागला. बाग कशीबशी निघाली.

गेल्या आठवड्यात शेजारचे आबा त्या मशीनवाल्याचा नंबर मागायला आले. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं, हिशोबाची वही दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग खिशातून मोबाईल काढून कुणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ माझ्यासमोर धरला. रात्रीचा उजेड, उडणारा चिखल, आणि बाजूला नारळ फोडणारे आमचे तात्या.

"अहो, पण तुमच्याकडं तर लागलं होतं की," आबा म्हणाले.