इस्लाम, सहिष्णुता आणि कट्टरता यावरचा ऑनलाइन कोर्स: अर्धा भारी, अर्धा डोकेदुखी

टीव्हीवरच्या आरडाओरडीला कंटाळला असाल तर हा रेकॉर्डेड कोर्स घ्या, पण शेवटचा ‘खुली चर्चा’ भाग बघू नका, कारण ते परत तेच न्यूज चॅनेल आहे, फक्त मध्ये जाहिराती नाहीत.

इतिहासाचा भाग मात्र खरंच भारी. सुरुवातच खारिजींपासून केलीय. प्रेषितांना जाऊन तीस वर्षंही झाली नव्हती आणि हा गट आपल्याशी न पटणाऱ्या मुसलमानांनाच धर्माबाहेर काढत होता, त्यातल्याच एकाने 661 मध्ये कुफाच्या मशिदीत चौथे खलिफा अली यांच्यावर वार केला, त्यातच ते गेले. म्हणजे कट्टरतेचा पहिला मार मुसलमानांनीच खाल्लाय. पुढे 2004 चा अम्मान संदेश (खरा इस्लाम काय आणि काय नाही हे सांगणारं, जॉर्डनमधून निघालेलं निवेदन) येतो, मग इसिसच्या म्होरक्याला, बगदादीला, उलेमांनी (म्हणजे धर्मपंडितांनी) 2014 मध्ये लिहिलेलं खुलं पत्र, ज्यात कुराण-हदीसचेच दाखले देऊन इसिसला खोडून काढलंय. ‘हे लोक स्वतः काही बोलत का नाहीत’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणाऱ्यांना हा भाग सक्तीचा करा यार.

सगळ्यात चांगलं लेक्चर सलमान तासीरवरचं. पाकिस्तानातल्या पंजाबचा गव्हर्नर, ईशनिंदेच्या केसमध्ये फाशी सुनावलेल्या आसिया बीबीची बाजू घेतली म्हणून 2011 मध्ये त्याच्याच बॉडीगार्डने त्याला गोळ्या घातल्या, आणि तो मारेकरी कोर्टात आला तेव्हा वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या, वकिलांनी! आणि 2018 मध्ये त्याच देशाच्या सुप्रीम कोर्टाने आसिया बीबीला सोडलं, तेही निकालात धर्मातलेच दाखले देऊन. शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि स्वतः काही भाष्य केलं नाही, ते फार आवडलं.

हिजाबचा विषय मात्र उरकून टाकलाय. फ्रान्समध्ये 2004 पासून सरकारी शाळेत घालायचा नाही, इराणमध्ये नाही घातला तर पोलीस, दोन्हीकडे बाईच्या डोक्याचा निर्णय सरकार घेतंय, एवढा मोठा मुद्दा आणि दोन स्लाइडमध्ये खल्लास?

आता ती खुली चर्चा. एक पाहुणा कुराणातल्या युद्धाच्या आयती (वचनं) काढतो, दुसरा ‘धर्मात बळजबरी नाही’ ही 2:256 (दुसरा अध्याय, 256वी आयत) टाकतो, पत्ते पिसल्यासारखं चालू. कुठली आयत कुठल्या प्रसंगातली हे सूत्रसंचालक एकदाही विचारत नाही, ते आधीच्या लेक्चरमध्ये एवढं नीट सांगितलंय तरी. सबटायटल्स मशीनने केलेली, ‘खारिजी’चं ‘खर्चिक’ झालंय. आणि शेवटच्या क्विझमध्ये प्रश्न काय, तर ‘इस्लाम शांतीचा धर्म आहे का? हो / नाही’. कशावरही टिक करा, मार्क मिळतो 😄

पाचपैकी साडेतीन. इतिहासाचा भाग वेगळा मिळत असेल तर तेवढाच घ्या.