मुठीत दांडकं धरून रक्तातलं कॅल्शियम कळत नाही

आईच्या उजव्या मुठीत शिबिरातल्या लोकांनी बोटाएवढं एक पितळी दांडकं दिलं. दांडक्याला वायर, वायरीला छोटीशी पेटी, पेटीला लॅपटॉप. "मावशी, एक मिनिट घट्ट धरा, बोलू नका," तो मुलगा म्हणाला. मिनिटभर पडद्यावर रंगीत पट्टे हलले आणि प्रिंटरमधून ३८ पानं बाहेर आली. हृदय, यकृत, किडनी, हाडं, केस, सगळ्यांचे आकडे त्यात होते. खनिजांच्या पानावर ११ ओळी लाल होत्या आणि सगळ्यात वर कॅल्शियम.

मी शेजारीच बसले होते. शाळेच्या ऑफिसात २५ वर्षं हिशेब सांभाळते, पावतीशिवाय कुणाला पैसे देत नाही. त्या दिवशी मात्र १४,८०० रुपये मीच मोजून दिले. पावती म्हणून जे हातात आलं त्यावर 'सभासद शुल्क' लिहिलं होतं. तेही मी वाचलं आणि गप्प राहिले, कारण आईच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी आशा दिसत होती.

आईचं वय ६६. वर्षभर तिला रात्री दोन-अडीचच्या सुमाराला पोटरीत गोळा यायचा. किंचाळूनच उठायची. वहिनी तेल लावून पाय ताणून धरायची, मग दहा मिनिटांनी सुटायचा. त्या आधीपासूनच तिला ॲसिडिटी, त्यामुळे सकाळी उपाशीपोटी एक गोळी रोज, सहा वर्षं. ती गोळी सुरू करून देणाऱ्या डॉक्टरांकडे आम्ही पुन्हा कधी गेलोच नाही, मेडिकलमधून पट्टी आणत राहिलो. ही आमची चूक, आणि पुढे तीच मुळाशी निघाली.

जानेवारीत, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरत असताना, शेजारच्या काकू एक पत्रक घेऊन आल्या. पूर्व भागातल्या एका हॉलमध्ये मोफत शिबिर. 'पायात गोळे, हातापायाला मुंग्या, मधुमेह, लकवा, मशीनने तपासणी, मुळापासून उपचार.' हॉलमध्ये शंभरेक माणसं असतील. जन्मभर विड्या वळलेल्या बायका, लूमवर उभं राहून पाय सुजलेले म्हातारे. तिथे मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, ज्याला जी भाषा कळेल तीत बोलणारी माणसं ठेवली होती. चहा-बिस्किटं होती. सगळे वाकून नमस्कार करत होते.

त्यांनी नेमकं काय हेरलं होतं, ते मला आता कळतं. साठी ओलांडलेल्यांपैकी किती जणांच्या पायात गोळे येत नाहीत? हॉलमधल्या कुणालाही विचारलं तर निम्मे हात वर होतील. आणि म्हातारपणी रात्री पोटरीत येणारे बहुतेक गोळे खनिजं कमी झाल्याने येतच नाहीत, स्नायू थकल्याने, पाय बराच वेळ एकाच स्थितीत राहिल्याने येत असावेत. पण ज्याला गोळा येतो त्याला 'तुमचं कॅल्शियम संपलंय' म्हटलं की पटतं. आम्हालाही पटलं.

दोन बाटल्या थेंब आणि एक डबा पूड मिळाली. '७२ खनिजं' असं तोंडी सांगितलं. बाटलीवर तसलं काही नव्हतं, 'फूड सप्लिमेंट' एवढंच आणि खाली अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. तो क्रमांक बघून मला धीर आला होता. नंतर समजलं, तो परवाना पदार्थ खाद्य म्हणून विकायचा असतो. त्याने रोग बरा होतो असं कोणी तपासलेलं नसतं. आजारांची सगळी नावं पत्रकावर आणि त्यांच्या तोंडात, बाटलीवर एकही नाही.

शिवाय बीपीची गोळी बंद करायला सांगितलं. "रसायन आहे मावशी, खनिजं खाऊन टाकतं." आईने ऐकलं. ॲसिडिटीची गोळी तेवढी चालू ठेवली, कारण ती सोडली की छातीत आग व्हायची.

थेंब सुरू झाल्यावर आठवडाभरात जुलाब लागले. दिवसातून चार-पाच वेळा. फोन केला तर म्हणाले, शरीर शुद्ध होतंय, थांबवू नका. मार्चमध्ये ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. पुन्हा फोन. "आतली घाण बाहेर पडतेय, आता दुसरा कोर्स लागेल." ११,५०० रुपये. हे आईने भिशीतून काढले आणि मला सांगितलं नाही, कारण मी ओरडेन असं तिला वाटलं. आजार वाढला की औषध लागू पडतंय, आणि कमी झाला तरीही औषध लागू पडतंय, असं सांगणारा माणूस भेटला तर त्याच्या दारातूनच परत फिरा.

एप्रिलच्या त्या संध्याकाळी पारा ४२ च्या वर गेला होता. आईला गरगरतंय म्हणून दादाने घरातलं बीपीचं मशीन लावलं. आकडा नीट येईना म्हणून लागोपाठ तीनदा पट्टा फुगवला. तिसऱ्या वेळी आईचा हात वाकायला लागला. मनगट आत वळलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात गेला. कासार बांगड्या भरताना हात जसा आवळून धरतो ना, अगदी तसा, फक्त धरणारं कोणी नव्हतं. दादाने बोटं सोडवायचा प्रयत्न केला, सुटेनात. आई शुद्धीवर होती. "सोडा रे, कोण धरलंय माझा हात," असं म्हणत होती. मग पायाचे पंजेही खाली वळले. दादाला वाटलं मशीनमध्ये करंट आला.

मी त्या माणसाला फोन लावला. अशा वेळी मी आधी त्याला फोन लावला, हे लिहिताना आजही हात थांबतो. तो म्हणाला, थेंब दुप्पट करा. वहिनीने माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यातल्या मॅडमनी हात बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "थायरॉईडचं ऑपरेशन झालंय का?" नाही म्हटलं. मग त्यांनी कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली, तशी आईच्या ओठाची कड फडफडली. या आजाराला टेटनी म्हणतात. लोखंड लागून होणारा धनुर्वात हा नव्हे, तो टिटॅनस. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की नसा जरुरीपेक्षा जास्त चेतवल्या जातात आणि स्नायूंना नको असताना हुकूम सोडतात. पट्ट्याने दंड काही मिनिटं आवळला की हात असा वळणं ही त्याची जुनी खूण आहे. एकोणिसाव्या शतकात ट्रुसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ती नोंदवून ठेवली होती. दादाने नकळत तीच चाचणी केली होती.

रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम ६.४, जे साधारण ८.५ ते १०.५ असायला हवं. पोटॅशियम ३.१, जे ३.५ च्या वर हवं. आणि मॅग्नेशियम ०.८, हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी. ईसीजीतही फरक दिसत होता. उशीर केला असता तर झटके आले असते, हृदयाचे ठोके बिघडले असते.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. गळ्यात थायरॉईडच्या मागे तांदळाच्या मोठ्या दाण्यांएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या ठरवतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, लागेल तसं थोडं थोडं काढून रक्तात आणायचा निरोप या ग्रंथींचा. पण निरोप पाठवायला त्यांना मॅग्नेशियम लागतं. मॅग्नेशियम फार खाली गेलं की निरोपच थांबतो, मग तोंडाने कितीही कॅल्शियम घ्या, रक्तात ते टिकत नाही. आईची ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही, ही माहीत असलेली गोष्ट आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच तसा इशारा दिला होता. आईचं मॅग्नेशियम आधीच उतरत होतं. थेंबांच्या जुलाबांनी उरलंसुरलं धुऊन नेलं.

म्हणजे त्या पेटीने 'कॅल्शियम कमी' सांगितलं ते खरं निघालं, नाही का? हा प्रश्न मला दोन आठवडे छळत होता. दादा तर म्हणायचा, मशीन बरोबर होतं, औषध चुकलं. शेवटी माझा मुलगा त्याच लोकांच्या दुसऱ्या शिबिराला मित्राला घेऊन गेला. आधी त्याने स्वतःचं खरं वय सांगितलं, २१. दांडकं धरलं, हाडं उत्तम, कॅल्शियम भरपूर. अर्ध्या तासाने दुसऱ्या टेबलावर मित्राने फॉर्म भरून दिला: दुसरं नाव, वय ६४, वजन ८२. "आजोबांसाठी आहे, ते खाली रिक्षात बसलेत, मी त्यांच्याऐवजी धरतो," असं माझ्या मुलाने सांगितल्यावर टेबलावरच्या मुलीने हरकतही घेतली नाही. तोच मुलगा, तीच मूठ. या वेळी कॅल्शियम लाल, सांधे झिजलेले, प्रोस्टेट वाढलेलं. दोन्ही रिपोर्ट आमच्या घरी आहेत. पेटी हात वाचत नाही. आधी टाइप केलेलं वय, वजन, उंची वाचते आणि त्या वयाला शोभतील असे आकडे छापते.

शिरेतून कॅल्शियम अगदी हळूहळू, मॉनिटरवर नजर ठेवून दिलं. आईचा हात माझ्यासमोर उलगडला. मॅग्नेशियमची बाटली त्यानंतर तीन दिवस चालू होती, ते भरून यायला वेळ लागतो म्हणाल्या. ॲसिडिटीची गोळी बदलून दिली, बीपीची पुन्हा सुरू केली. हे वाचून कुणी आपली ॲसिडिटीची गोळी मनाने बंद करू नका. वर्ष-दोन वर्षं रोज घेत असाल, तर ती अजून हवी का आणि मॅग्नेशियम तपासायचं का, एवढं डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम या तिन्ही तपासण्या मिळून आम्हाला हजार रुपयेही लागले नव्हते. आम्ही त्याआधी २६,३०० घालवले होते.

पैसे मिळाले नाहीत. फोन बंद आहे, हॉलचा मालक म्हणतो मी फक्त भाडं घेतलं. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला. तिथे सगळ्यात उपयोगी पडलं ते पत्रक, जे आई केरात टाकणार होती. मधुमेह आणि लकवा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे, आणि तेच त्यावर ठळक छापलेलं होतं. बाटल्या, पत्रक, 'सभासद शुल्क'ची चिठ्ठी, व्हॉट्सॲपवर आलेले त्यांचे आवाज, काहीही पुसू नका. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तिथला अर्ज आम्ही या महिन्यात भरतोय.

आई घरी आल्यावर काकू भेटायला आल्या. पदरातून १,५०० रुपये काढून त्यांनी पलंगावर ठेवले. आमच्या नावावर त्यांना तेवढं कमिशन मिळालं होतं. रडत होत्या. आईने पैसे परत त्यांच्या हातात दिले आणि विचारलं, "तुमच्या घरी अजून आहेत का ते थेंब?" होते. काका रोज घेत होते. काकांच्या किडनीचा त्रास आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे, आणि किडनी कमजोर असली की जास्तीचं पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही, ते वाढलं तर हृदय थांबू शकतं, हे मी दवाखान्यात नुकतंच ऐकून आले होते. चपला घालून मी तशीच काकूंबरोबर निघाले. बाटली अर्धी संपली होती. ती आता आमच्या कपाटात अर्जाच्या कागदांजवळ आहे, आणि काकांचं रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तपासायला दिलं. पोटॅशियम ५.९ आलं. दोन दिवस ॲडमिट होते. घरी आलेत.