ग्रामसभा की माहिती हक्काचा अर्ज?

पंचायतीने बांधलेल्या गटाराचा हिशेब हवा असेल, तर गोव्यात दोन वाटा आहेत.

ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी भरते. पैसा लागत नाही आणि "हे काम का काढलं?" असं तोंडावर विचारता येतं. पण सचिव "कागद बघून सांगतो" म्हणाले की विषय तीन महिने लांबला. म्हणून प्रश्न आधी लेखी द्या, पोच घ्या आणि उत्तर इतिवृत्तात उतरलं का ते पाहा.

माहिती हक्काच्या अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. अर्ज पंचायत सचिवांकडे, पहिलं अपील गटविकास अधिकाऱ्यांकडे. इथे "का" चालत नाही. दप्तरात असलेला कागद तेवढा मिळतो. "सगळ्या खर्चाची माहिती द्या" असं मोघम लिहिलं की अर्ज अडकलाच. कामाचं नाव आणि वर्ष घालून कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप वही (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) आणि बिल यांची प्रत मागा. वहीत गटार 60 मीटर आणि जागेवर टेप लावल्यावर 48 भरलं, तर तो फरक सभेत कुणालाच झटकता येत नाही.

आमच्या मते अर्ज आधी, सभा नंतर. जुलैत विचारायचं तर अर्ज मे महिन्यातच पडायला हवा.